चौथा फौजदार

नाही हो काका, कुत्रा नकोच. गोड आहे, कबूल, माझी चप्पल चाटतोय तेही बघतेय मी — पण सकाळी सातपासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत आमच्या घरात चिटपाखरू नसतं. कुत्र्याला काय सांगू, बस बाबा दहा तास दाराकडे बघत? माणसाचं पोर पाळणाघरात ठेवते त्याचंच मनाला इतकं लागतं, त्यात आणखी एका जिवाची भर कशाला? मांजर म्हणाल तर मांजराला म्हणे आपली गरज नसते, आणि मला — हसू नका — गरज नसलेलं आणखी कोणी घरात नकोय. पोपट बोलतो. आमच्याकडे जे बोललं जातं ते परत ऐकायची माझी तरी तयारी नाही. म्हणून म्हटलं तुम्हालाच विचारावं. दोघंही नोकरीवाले, घर दोन खोल्यांचं, पोरगी पुढच्या आठवड्यात सहाची होईल, आणि मी ही अशी — विसरभोळी नाही हं, उलट, मी एकही गोष्ट विसरत नाही, तोच तर सगळ्यांना त्रास आहे. आज आमच्या कारखान्यात गोळ्यांचं मशीन बंद पडलं, तीनलाच सोडलं, म्हणून पाय इकडे वळले. नाहीतर मला कुठलं साडेचारला दुकान बघायला मिळायला!

मासा? अहो मासा आहे की. फायटर. तुमच्याकडूनच आणला होता, नऊ महिने झाले — मी नव्हते आले, नवरा आणि टिचकी आले होते. टिचकी म्हणजे पोरगी; नाव वेगळंय, पण जन्मली तेव्हा एवढीशीच होती, तेव्हापासून टिचकीच. मासा मीच ठरवला होता, वाचून बिचून. दिवसभर कामावर असणाऱ्यांसाठी उत्तम, एकटा राहतो, एकटाच राहायला हवा, दोन वेळा चार चार दाणे, आवाज नाही, केस नाहीत, फिरवायला न्यायला नको. आपल्यासारखाच, म्हटलं, एकट्याने सांभाळून घेणारा. काचेच्या पेटीत अशा काही ऐटीत गस्त घालायचा की टिचकीने नाव ठेवलं फौजदार. आता तुम्ही म्हणाल मग दुसरा प्राणी कशाला. तर ऐका गंमत — वाढदिवसाला काय हवं विचारलं, तर म्हणते, “आई, मला न मरणारा प्राणी आण.” न मरणारा! सहा वर्षांच्या पोरीच्या डोक्यात मरण कुठून आलं? मी रात्रभर टक्क जागी. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन बाईंना भेटले, म्हटलं वर्गात कुणाचं काही झालं का, कुणाचे आजोबा वगैरे? बाई म्हणाल्या, नाही हो, तुमची मुलगी तर मजेत असते. नवऱ्याला विचारलं तर तो भांडी विसळत राहिला, म्हणाला, मुलं काहीही बोलतात. बरं, म्हटलं, कासव घ्यावं का? कासव बरीच वर्षं जगतं ना? म्हणजे मला तिला निदान तोंड भरून सांगता येईल, हे तुझ्या लग्नाला येईल म्हणून.

आणि सांभाळण्यात आम्ही कच्चे नाही हं, तसं मनात आणू नका. मी औषधांच्या कारखान्यात तपासणीला आहे. आमच्याकडे प्रत्येक कामाची नोंद असते — कोणी केलं, किती वाजता, खाली सही. नोंद नाही म्हणजे काम झालंच नाही, हे आमचं ब्रीद. तसाच कागद मी घरी फ्रिजवर लावलाय फौजदारासाठी. सकाळचे चार दाणे नवऱ्याने टाकायचे, संध्याकाळचे चार टिचकीने, टाकले की खूण करायची. रविवारी पाणी बदललं की सही. नवरा पहिल्यांदा इतका हसला! म्हणाला, मला पगारवाढ मिळणार का यात? पण नऊ महिन्यांत एक चौकोन रिकामा नाही काका. एक नाही. मी सातला घरी पोचले की आधी तो कागद बघते आणि मग चपला काढते. आणि मासाही कसा टवटवीत! उलट दिवसेंदिवस रंग खुलत गेला त्याचा. आधी शेपटीला नुसती लाल रेघ होती, आता चांगला काठ झालाय — मी म्हणायचे, बघा, आपल्या हातचं कसं अंगी लागलंय. थांबा, फोटोच दाखवते. हा बघा. निळा, आणि कडेला — अगं बाई, तो पिशवीतला बघा ना, तो तुमच्या गल्ल्याशेजारी ठेवलेला! हुबेहूब! भाऊ शोभतो. हा ठेवून दिलाय का कोणाला? पाच वाजता. बरोबर, चिठ्ठी आहे वर, पाच वाजता. छान. कोणी का असेना, माझ्यासारख्याच आवडीचं माणूस दिसतंय.

हो का? नेहमीचं गिऱ्हाईक. वडील आणि मुलगी. मुलगीच निवडते? अय्या, अशी बोटं लावून लाल काठ मोजते? हुशार आहे. जुन्या माशाचा फोटो घेऊन येतात आणि — का? तसाच का हवा असतो त्यांना?

घरी कोणीतरी फार मनाला लावून घेणारं आहे. म्हणून कळू द्यायचं नाही. हं. आजारी आजी वगैरे असेल, तुम्हालाही तसंच वाटलं. हो, असेल. म्हातारी माणसं हळवी होतात. केवढी असेल हो मुलगी?

समोरचा दात पडलेली.

कुठल्या बाजूचा? नाही, सहजच. डावीकडचा. आणि दप्तरावर ससा आहे का हो, एक कान उसवलेला? तो कान मी शिवणार होते. दोन रविवार झाले शिवणार होते.

नको, पाणी नको. बसते मी इथेच, या पोत्यावर बसलं तर चालेल ना. कितवा हा? नाही, सांगा, आता अडखळू नका, इतका वेळ चांगले बोलत होतात. चौथा. म्हणजे पहिला, मग दोन, आणि हा पिशवीतला. म्हणजे घरी आत्ता — सकाळीच फोन आला होता का तुम्हाला? किती वाजता? सव्वासात. मी साडेसहाला निघते. मी निघाले तेव्हा पेटीतला दिवा बंद होता. काल रात्रीच नवरा म्हणाला, लावू नकोस, झोपू दे त्याला. मी वाकून बघितलं, तळाशी झाडामागे पडून होता. मीही कुजबुजून म्हटलं, झोप हो फौजदार. मेलेल्या माशाला, काका! आणि वळल्यावर मागे हा उभा. हातात माझा डबा. म्हणाला, उशीर होतोय तुला.

नाही, तुमचा दोष नाही. तुम्ही विकणार नाही तर काय करणार. पण तुम्हाला कळतंय का काय झालंय ते? रंग खुलत गेला म्हणे! मी कारखान्यात सगळ्यांना सांगितलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईला फोटो दाखवले, हा मार्चमधला, हा आत्ताचा, बघ फरक. डोळे फुटले होते का माझे? अहो, महिनाभराचा कागद एका बैठकीत भरला असेल तर मी दुरून सांगते — एकच शाई, एकच तिरकसपणा, सगळ्या खुणा एका ओळीत शिपायांसारख्या. त्यावरून माणसं रडवलीत मी. आणि माझ्याच फ्रिजवर तशाच खुणा, मासा मेल्यापासून दुसरा आणेपर्यंत बरोब्बर भरलेल्या, त्या बघून मी काय म्हटलं असेल? म्हटलं, किती नीटनेटकं ठेवलंय गं बाई! पोरीचा गालगुच्चा घेतला. तिने घेऊ दिला. तो खेळण्यातल्या बाहुलीसारखा चेहरा करते ना ती, तो करून उभी राहिली. मला वाटलं, लाजली.

कशाने मरतात म्हणालात? जास्त खाण्याने. तुम्ही त्याला बजावलंत, चारच्या वर एक दाणा नको. आणि तो म्हणाला, मी चारच टाकतो. खरं सांगतो तो. चारच टाकतो. त्या बाबतीत — हे बघा, माझं ऐका आधी. मी सातला दार उघडते. टिचकी टीव्हीपुढे, मान वळत नाही. तो स्वयंपाकघरात, कानात वायरी. मी “आले रे” म्हणते. कोणीतरी “हं” म्हणतं. आणि अख्ख्या घरात तो एकटा काचेपर्यंत धावत यायचा. इकडून तिकडे, इकडून तिकडे, नुसता आनंदीआनंद. मग चिमूटभर टाकायचे मी. चिमूट म्हणजे किती आता — चिमूटच हो, दाणे कोण मोजतंय तेव्हा. रोज. कागदावर माझ्या नावाचा रकानाच नव्हता, मग खूण कुठे करणार? नोंद नाही म्हणजे दिलंच नाही! तुम्हीही असे बघू नका, मला माहितीय ते काय आहे. पण तो मला ओळखायचा, काका. तीनही — म्हणजे जे कोण होते ते.

काचेपुढे उभं राहिलं की सगळेच येतात? कोणीही असलं तरी? खाणं मिळेल म्हणून.

बरं.

म्हणजे त्यांना कळलं होतं. माझ्या नवऱ्याला कळलं होतं की मी टाकते, त्याला पेटीच्या तळाशी उरलेले दाणे दिसत असणार. मग बोलायचं ना! अगं, नको टाकूस, मरतो तो — एवढंच तर वाक्य होतं. तीन वेळा मासा आणला, तीन वेळा पोरीला इथवर चालवत आणलं, फोटो, बोटं, काठ, पण ते एक वाक्य काही निघालं नाही त्याच्या तोंडून. इतकी कोण लागून गेले मी? मारते? ओरडते? फार फार तर विचारते, कसं झालं, कधी झालं, आधी का नाही सांगितलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार — म्हणजे, हो, तेच विचारते मी दिवसभर लोकांना. घरीही तसंच विचारत असेन. पण म्हणून पोरीला शिकवायचं? माझं पोर माझ्या तोंडावर खोटं बोलतं आणि मला गालगुच्चा घ्यायला लावतं! न मरणारा प्राणी आण म्हणाली — तिच्याच भाषेत सांगत होती ती, आई, मला आता हे झेपत नाही. आणि मी शाळेत जाऊन लोकांचे आजोबा मोजत बसले.

आमच्याकडे कसं असतं सांगू का? कागदात एक नोंद खोटी सापडली ना, की ती एकच खोडून भागत नाही. सगळा माल थांबवायचा, पहिल्या गोळीपासून. आता तुम्हीच सांगा, मी कुठून थांबवू? पाळणाघरात रडत नाही, मजेत असते — रोज फोनवर हेच सांगतो तो. मजेत असते? तापात रात्रभर आई आई करत नव्हती, शांत झोपली होती, मी तेव्हा रात्रपाळीला होते. खरंच शांत होती? तिने पहिलं पाऊल माझ्यासमोर टाकलं म्हणतात, नेमकं माझ्या सुट्टीच्या दिवशी, रविवारी, दुपारी, मी गादीवर बसले असताना — असं कुठे नेमकं होतं का हो? मी तेव्हा केवढी रडले होते आनंदाने. आणि हा बाजूला उभा होता हाताची घडी घालून. त्याला आश्चर्य नव्हतं वाटलं. आत्ता आठवतंय, त्याला मुळीच आश्चर्य नव्हतं वाटलं.

चांगल्यासाठीच केलं असेल, हे मलाही कळतं हो. तेच तर गिळवत नाही. कोणी वाईटासाठी फसवलं तर भांडता तरी येतं. ही दोघं मिळून मला सांभाळतायत — चार दाणे सकाळी, चार संध्याकाळी, दिवा बंद, झोपू दे तिला.

किती वाजले? पाचला पाच कमी. नाही, जाते म्हणजे काय, जाऊ कुठे? तुम्ही काय करायचं ते सांगते. पिशवी त्यांना देऊन टाका, मी आले होते बोलू नका. रात्री मी विचारेन, कसा आहे गं फौजदार? बघते माझ्याकडे बघून काय सांगते ते. एक संधी — काय म्हणालात? हो. सहा वर्षांच्या पोरीला सापळा. तुम्ही तोंडाने म्हणाला नाहीत, पण चेहऱ्याने म्हणालात. बरोबर आहे. मग तसं नको. मग तुम्ही सांगा त्यांना, मासा संपला, परत मिळणार नाही. म्हणजे घरी रिकामी पेटी राहील आणि आज कोणाला तरी तोंड उघडावंच — ते बघा. पलीकडे, फळांच्या गाडीपाशी. निळा शर्ट. माशासाठीची बरणी तिच्या हातात आहे, तिलाच धरू देतो बरणी. काय बोलतायत एवढं? हसतोय बघा. किती दिवसांनी बघतेय मी त्याला असं मान मागे टाकून हसताना. आणि ती तर उड्या मारतेय, मासा मेलाय सकाळी आणि उड्या — ते आले रस्ता ओलांडून. इथून काच आहे, दिसेन मी त्यांना? दिसेन ना?

दिसले.

तो थांबला. आणि ती — ती लपली काका. मला बघून बापाच्या मागे लपली.

तुम्ही आत जा जरा. कुत्र्यालाही घेऊन जा. पिशवी राहू द्या इथेच.