गोठ्यावरचा फणस

टाळ खाली ठेवा मंडळी, आणि एका प्रश्नाचं उत्तर मनात तयार ठेवा. मला आत्ता सांगू नका. आख्यान संपल्यावर ज्याचं त्यानं स्वतःला सांगायचं.

प्रश्न असा. समोरचा माणूस अडलेला आहे. त्याला दुसरीकडे जायला वाट नाही. आणि त्याचं काम फक्त तुम्हाला येतं. तर त्याच्याकडून किती घ्यावं? आणि समजा, अडलेले तुम्हीच आहात — तर किती द्यावं?

सोपा वाटतो ना? पुढे बसलेल्या मावशी मान हलवतायत. मावशी, थांबा. अजून गाय यायची आहे.

तर ऐका. इथून दोन खाड्या ओलांडल्या की एक गाव आहे. नाव सांगत नाही. तिथले पाहुणे इथे बसलेले असतील. त्या गावात विसूआण्णा नावाचे गृहस्थ. वय पासष्ट. घरी ते, त्यांची पत्नी मंदाकाकी आणि हरणी नावाची गाय. घरामागे जांभ्या दगडाचा गोठा, वर कौलं. आणि गोठ्यामागे एक फणस. केवढा? दोन माणसांनी कवळ घातली तर बोटाला बोट लागायचं नाही, एवढा.

आण्णा माणूस वाईट नव्हे हां. कोणाचं बुडवलं नाही, कोणाला फसवलं नाही. पण त्यांना एक सवय होती. भाव ऐकला की निम्मा करायचा. भाजीवाला असो, रिक्षावाला असो. डॉक्टरांनी पंधरा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या तर हे विचारायचे, "आठ दिवसांत नाही का भागणार?"

हसताय? आपापल्या घरी जाऊन बघा. प्रत्येक घरात एक आण्णा असतो. काही घरांत दोन असतात, म्हणून तिथे भाजीच येत नाही.

आता त्या फणसाची एक जाड फांदी गोठ्याच्या बरोबर वर आलेली होती. गावात झाडं उतरवणारा एक होता, दौलत निवाते. तो दर वर्षी मार्गशीर्षात यायचा, वर बघायचा आणि म्हणायचा, "आण्णा, ही फांदी काढू या. झाडाचा तोल तिकडे चाललाय. पाचशे द्या."

आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. फांदी तोडणाऱ्याला एक तर मजुरी द्यायची, नाही तर तोडलेली फाटी तो घेऊन जातो. चुलीचं लाकूड, तीच त्याची मजुरी.

आण्णा म्हणायचे, "पाचशे जास्त होतात."

"मग पैसे नको. फाटी नेतो."

"फाटी कशी देऊ? झाड माझं."

"मग पैसे द्या."

"फांदी तोडायची तुझी इच्छा, पैसे मी देऊ?"

दौलत कपाळाला हात लावून जायचा. पुढच्या मार्गशीर्षात परत यायचा. अशी किती वर्षं? अकरा. अकरा वर्षं तोच माणूस, तीच फांदी, तेच संभाषण. फरक इतकाच, की फांदी जाड होत गेली आणि दौलतच्या डोक्यावरचे केस विरळ होत गेले.

पण आण्णांच्या मनात त्या फणसाबद्दल एक गोष्ट होती, ती त्यांनी फक्त मंदाकाकींना सांगितलेली. त्यांना झोपाळा करायचा होता. साधा नव्हे — अखंड फळीचा. मधे सांधा नाही, दोन हात रुंद, फणसाच्या पिवळ्याधमक लाकडाचा. मागच्या पडवीत टांगायचा आणि म्हातारपणी दोघांनी त्यावर बसायचं. लाकूडवाल्यानं एकदा त्या झाडाचे अठरा हजार देऊ केले होते. सगळ्या गावाला वाटलं, आण्णा वीस मागतायत म्हणून सौदा मोडला. तसं नव्हतं. झाड विकायचंच नव्हतं. एवढं प्रेम. पण फांदीचे पाचशे? ते जास्त.

मंडळी, आपण असेच असतो. वस्तूवर जीव असतो, तिच्या देखभालीवर नसतो.

बरं. ज्येष्ठ लागला आणि वादळ आलं. तीन दिवस आधी सूचना झाली होती. आण्णांनी कौलांवर दगड ठेवले, होडीवाल्या जावयाला फोन केला, सगळं केलं. सकाळी अकराला वारा सुरू झाला आणि दुपारी दोनला तो फणस मुळासकट कलंडला — गोठ्यावर.

आवाज थांबल्यावर आण्णा धावत मागे गेले. बुंधा मागच्या भिंतीवर टेकलेला. गोठ्यावरची ती जाड फांदी कौलं फोडून आत शिरलेली. दारात सगळा पाला. आणि आत हरणी. नववा महिना चाललेला.

आण्णांनी पाल्यातून हाक मारली. "हरणे!"

आतून काही आवाज येईना. मग आला. कसला? कचर-कचर. मंदाकाकी वाकून बघतात तर काय, कोपऱ्यात गव्हाण आणि भिंत यांच्यामध्ये हरणी उभी. फांदी तिच्या पाठीच्या हातभर वर अडकलेली. आणि बाईसाहेब फणसाचा पाला खातायत. छप्पर मोडून चारा घरपोच आला, तिला काय!

काकी म्हणाल्या, "सगळ्यांत शहाणी हीच. अकरा वर्षांत त्या फांदीचा उपयोग हिनंच केला."

पण हसू तेवढंच. ती फांदी जरा घसरली तर गाय जाणार, पोटातलं वासरू जाणार. हे दोघांना कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला. शहरातून एक जण करवत मशीन आणि पिकअप घेऊन आला होता. गावात चाळीस झाडं पडलेली, तो दारोदार भाव सांगत फिरत होता. त्यानं गोठ्यावर नजर टाकली आणि म्हणाला, "अठरा हजार."

आण्णांच्या तोंडून काय निघालं असेल?

बरोबर. "नऊ."

तो हसला आणि पुढच्या घरी गेला. बारा वाजता परत आला. "काका, आता चोवीस. फोन थांबत नाहीत माझे."

"सकाळी अठरा होते ना?"

"सकाळी तुम्ही नऊ म्हणालात."

"झाड तेच, गोठा तोच. मग सहा हजार कसले वाढले?"

"तुमच्या काळजीचे," तो म्हणाला. मोकळा माणूस, खोटं बोलला नाही.

आणि आण्णा सवयीनं म्हणाले, "बारा." तो गाडीत बसून निघून गेला.

मंडळी, त्या शहरवाल्याला मी चोर म्हणणार नाही. मशीन त्याचं, पेट्रोल त्याचं. पण भाव दोन गोष्टींवर ठरवता येतो. मला किती पडतं, यावर. किंवा समोरचा किती घाबरलाय, यावर. पहिली मजुरी. दुसरी काय, ते तुम्हीच ठरवा.

आता उरला कोण? दौलत. तो सकाळपासून रस्त्यावरची झाडं कापत होता, रुग्णवाहिकेला वाट हवी म्हणून. आण्णा तिथे गेले. अकरा वर्षं ज्याला परत पाठवलं, त्याच्यापुढे उभं राहणं सोपं नसतं. आण्णा उभे राहिले.

दौलतनंच मशीन बंद केलं. "फणस पडला ना?"

"हरणी आत आहे."

"गाभण आहे ती."

"हो."

"चला, बघतो."

तो आला. झाडाभोवती दोनदा फिरला. भिंतीवर हात ठेवला, मुळाचा गड्डा बघितला. आण्णा म्हणाले, "दौलत, मागची भिंत फोडून हरणीला काढू या का?"

"आण्णा, भिंतीनं बुंधा धरलाय म्हणून गाय उभी आहे. भिंतीला हात लावायचा नाही." मग म्हणाला, "सहा हजार होतील."

मंदाकाकींनी डोळे मिटले. त्यांना पुढचं ठाऊक होतं.

आण्णा म्हणाले, "तीन."

काकी म्हणाल्या, "अहो, ती आतून ऐकतेय. तिला काय वाटेल, आपली किंमत निम्मी?"

आण्णा ओशाळले. "तसं नाही ग. तोंडातून गेलं. पण दौलत, तू तर पाचशे म्हणायचास."

दौलत बसला. रागावला नाही. बोटं मोजली. "माझ्याबरोबर दोन माणसं, आठशे-आठशे. सोळाशे झाले. पेट्रोल, तेल सहाशे. या बुंध्याला माती आणि दगड अडकलेत, मशीनची साखळी जाणार, ती बाराशेची. चौतीसशे झाले. राहिले सव्वीसशे. त्यात माझी मजुरी आणि माझ्या जिवाची जोखीम. पाचशे होते तेव्हा झाड उभं होतं, आण्णा. फांदीला दोर बांधून खाली सोडली असती, तासाभराचं काम. आता हे झाड ताणलेलं आहे. कुठे कापलं तर कुठे उसळेल, ते मला कापल्यावरच कळणार."

"शहरवाला चोवीस म्हणतो. तू दहा मागितले असतेस तरी मी दिले असते."

"ठाऊक आहे. म्हणून तर तुम्ही विचारायच्या आधी सांगून टाकलं. वेळ लावला असता तर मलाही मोह झाला असता."

ऐकलंत? माणूस देव नव्हे. मोह त्यालाही होतो. फक्त मोह व्हायच्या आधी तो आकडा बोलून मोकळा झाला. पेटीवाले बुवा, हे वाक्य लक्षात ठेवा, तुम्हाला गणपतीत बिदागी ठरवताना उपयोगी पडेल.

काम सुरू झालं. आधी फांदीखाली जाड टेकू लावले. बुंधा दोरानं शेजारच्या माडाला बांधला. मग शेंड्याकडून बारीक फांद्या काढत, वजन कमी करत आत सरकायचं. आण्णा बाहेर उभे, घामाघूम. काम दौलत करतोय, घाम यांना. दोन तास गेले. दाराची वाट अर्धी मोकळी झाली. आणि दौलतनं मशीन थांबवलं.

"आण्णा, इकडे या."

पुढ्यात तो सरळसोट बुंधा होता. आठ हात लांब, गाठ नाही, कीड नाही. कापलेल्या ठिकाणी लाकूड हळदीसारखं पिवळं दिसत होतं.

दौलत म्हणाला, "हा अखंड ठेवायचा तर क्रेननं उचलावा लागेल. क्रेन तुमच्या अरुंद पाणंदीत येत नाही. इथून एकदम कापला, तर मुळाचा गड्डा मागे खाली बसेल, बुंधा वर उसळेल आणि आतली फांदी फिरेल. कुठे फिरेल, ते सांगता येत नाही. दुसरी वाट म्हणजे, दीड-दीड वितीचे तुकडे करत जायचं. झाड जागेवर राहील. पण मग याची फळी निघणार नाही. चुलीत जाईल."

आण्णांनी बुंध्यावर हात ठेवला. मंडळी, चोवीस हजारांचा आकडा ऐकून हा माणूस गप्प बसला नव्हता. आता गप्प बसला. कारण आता खरी किंमत सांगितली गेली होती, आणि ती निम्मी करता येत नव्हती.

दौलत हळूच म्हणाला, "थांबायचं असेल तर थांबू. चार-पाच दिवसांत रस्त्यावरूनच उचलेल अशी लांब हाताची क्रेन मिळेल. टेकू धरतील बहुतेक."

"बहुतेक?"

"बहुतेक."

आतून हरणीनं शेपटी आपटली. माश्या बसत असतील, दुसरं काही नाही. आण्णांनी काकींकडे पाहिलं. काकींना झोपाळा ठाऊक होता. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे बघू नका. तुमचं लाकूड आहे."

आण्णा म्हणाले, "मागच्या पडवीत झोपाळ्यावर बसलो असतो तर समोर काय दिसलं असतं?"

"काय दिसणार? गोठा."

"मग रिकाम्या गोठ्याकडे बघत झोके घ्यायचे?" त्यांनी बुंध्यावरचा हात काढला. "काप, दौलत. बारीक काप."

साडेचारला हरणी बाहेर आली. घाईघाईनं नव्हे, वाटेत पडलेली एक डहाळी तोंडात धरून, आपल्या चालीनं. अंगावर खरचटलेलंसुद्धा नाही. पाचव्या दिवशी व्याली. कालवड झाली.

आता पैसे. आण्णा घरात गेले, बाहेर आले आणि दौलतच्या हातावर आठ हजार ठेवले. दौलतनं सहा मोजून घेतले आणि दोन परत केले.

"ठेव रे. मी माझ्या मनानं देतोय."

"कमी घे म्हणालात तेव्हा ऐकलं नाही. मग जास्त घे म्हणताय, ते का ऐकू?"

तर मंडळी, किती घ्यावं? आपल्या कष्टाचं, आपल्या जोखमीचं पुरेपूर घ्यावं. समोरच्याच्या भीतीचं घेऊ नये. दौलतनं एक रुपया सोडला नाही आणि एक रुपया चढवला नाही. किती द्यावं? वेळेवर द्यावं, एवढंच. वेळ टळली की देण्याचा आकडा आपल्या हातात राहत नाही. मग पैसे जातात, आणि पैशांच्या मागोमाग आणखी काय जातं, ते आण्णांना विचारा.

आणि आता तुमच्याकडे वळतो. आण्णांना हसलात, हसून झालं ना? या देवळामागे स्वयंपाकाची पडवी आहे. तिच्यावर उंडीच्या झाडाची एक वाळलेली फांदी लोंबतेय. सकाळी आंघोळीला जाताना मी बघितली. विश्वस्तांना विचारलं. ते म्हणाले, "महाराज, तोडायचा ठराव झालाय." मी विचारलं, "कधी?" म्हणाले, "मागच्या सप्ताहात."

मागच्या सप्ताहाला वर्ष झालं. उद्या महाप्रसाद. त्या फांदीखाली चुलीपाशी कोण बसणार? मी नाही. विश्वस्तही नाहीत. या समोर बसलेल्या मावशी बसणार.

आत्ता पाच वाजलेत. उजेड भरपूर आहे. माझ्या बिदागीतले पाचशे रुपये मी या तबकात ठेवतो. झाडावर चढणारं कोणी आहे का इथे? मला मान डोलवणारे नकोत, चढणारा हवा.

ते मागचे गृहस्थ उठले. काका, आरती घेऊन जा, घाई नाही... काय म्हणालात? दोर आणायला निघालात? मग जा, सावकाश चढा. खाली माणसं उभी करा. विश्वस्त मंडळी, तुम्हीही उठा, शिडी धरायला हात लागतील.

आरती थांबेल, काका. फांदी खाली आली की सांगा. बाकीच्यांनी टाळ उचला आणि तोवर देवाचं नाव घेत राहा.