ताईचं वल्हं

बसथांब्याच्या बाकावर तीन माणसं होती: मी, एक ताई आणि तिला पोचवायला आलेला तिचा धाकटा भाऊ. शिवाय एक नवं वल्हं.

“तळ्यामुळे आपल्या गावात पाहुणे आले, पाहुण्यांमुळे रस्ता, रस्त्यामुळे डॉक्टर.”

“डॉक्टर डासांमुळे आला असेल, ताई.”

“नाव घेतलीय, चालवायला घरचा माणूस नाही. इथे तरी तू काय दिवे लावतोयस?”

“मला पोहता येत नाही.”

“नावेत बसायचंय, तळ्यात नाही. वल्हं तुझ्या मापाचं करून घेतलंय.”

“माप कुठून मिळालं?”

“गावी घरात राहिलेल्या तुझ्या पँटवरून.”

“ती आठवीतली आहे!”

“मग वाकून वल्हव.”

बस आली. वल्हं घेऊन भाऊ आधी चढला. ताईने दोन तिकिटं मागितली.

बाकावर उरलेली माणसं: एक.