हजार चाली

कुणाच्या मोजणीवर विश्वास ठेवायचा सांगा, पाव्हणं – माझ्या, का माझ्या भावाच्या? कुणाच्याच न्हाय. म्हणून तर तुम्हाला मोजायला बसवतोय. साडी बांधून ठेवलीया, बोरगावची गाडी तासानं हाय – बसा.

हे बघा मोबाईलमधी, प्राण्यांच्या झुंजीचा गेम. कासव माझं, ते वटवाघूळ भावाचं, साईनाथचं. हसू नका. शहापुरातलं हे दुकान वडलांचं, दोघांचं पटंना, मग ठरलं – ह्या गेममधी जो हरेल त्यानं दुकान सोडायचं. चिठ्ठ्या टाकू म्हटलं, तर साईनाथ म्हणाला, घड्या तूच घालणार. आता खेळ संपावा म्हणून गेममधीच सोय हाय – प्रत्येक प्राण्याच्या चाली मोजक्या, संपल्या की तो स्वतःलाच आपटून घेतो, आपटून आपटून मरतो. वटवाघळाच्या परवाच संपल्या. माझ्या कासवाकडं फळ हाय – खाल्लं की चाली परत भरत्यात, आणि फळ परत उगवतंय. म्हणजे मला मरण न्हाय. मग वटवाघूळ का मरंना, व्हय ना? – तर कासवाला एक चाल येती, समोरच्याचा जीव भरायची. ते आपटतंय, मी भरतोय. भरायचं सोडलं तर चार चालींत दुकान माझं... चहा घ्या की, गार होतोय.

आमच्या थोरल्या मालुआक्कानं अट घातलीया – हजार चालींत निकाल लागला न्हाय तर दुकान सामाईक, परत वाटणीचं नाव काढायचं न्हाय. म्हणून मोजणी. आम्ही विणकर ताण्याचे उभे धागे मोजतो तशी – शंभराला दोऱ्याची एक गाठ. काल आठ गाठी झालत्या, पाव्हणं, आठ! तेवढ्यात गुंजी गावची एक बाई आली, रेल्वेची घाई, आणि मी तोच दोरा तिच्या गठ्ठ्याला बांधून दिला. हाताची सवय, दुसरं काय? मला वाटलं, आता साईनाथ म्हणणार, मुद्दाम केलंस. त्यानं नवा दोरा काढून माझ्या हातात दिला. मग म्हणाला, "अण्णा, एकपासून घे."

हार मानायचं बटण त्याच्याबी हाताखाली हाय. दाबत न्हाय. पण माझं बोट आता दमलंय, पाव्हणं – चुकून भलतीच चाल दाबली गेली तर तो दुकान सोडून जाईल.

आला बघा. मी काय बोललो न्हाय, तुम्ही काय ऐकलं न्हाय. हा दोरा धरा. हजार लवकर भरावं म्हणून मी म्हणेन दोन गाठी जास्त मारा, तो म्हणेल चार मारा – ऐकायचं न्हाय. तेवढी मोजणी खरी ठेवा.