ओढ्यापलीकडची जागा

२००३ साल. द्वारका चौकाजवळच्या एका हॉस्पिटलबाहेर मी रिपोर्टची वाट बघत बसलो होतो. शेजारच्या बाकावर म्हातारी आई, मुलगा आणि मुलगी. समोर त्यांची शववाहिका उभी होती.

"सरपंचांचा फोन होता, राखी. बाबांना गावाच्या स्मशानात आणा म्हणाले. फक्त त्यांच्यासाठी परवानगी दिलीय."

"फक्त त्यांच्यासाठी?"

"तीस वर्षं शिकवलं त्यांनी गावाला. मान देतायत तर घ्यावा. आपल्या समाजाच्या ओढ्यापलीकडच्या जागेत साधं छप्पर तरी आहे का?"

"दादा, बाबा दरवर्षी वर्गात थॅडियस स्टीव्हन्स सांगायचे, आठवतंय?"

"आत्ता अमेरिका कशाला काढतेस?"

"पायानं अधू, वकील, खासदार. फुकट शाळांसाठी भांडला, गुलामगिरीशी भांडला. म्हातारपणी कळलं, आपण घेतलेल्या कबरीच्या जागेत काळ्यांना मनाई आहे. त्यानं ती जागा सोडली. जिथं सगळ्यांना पुरतात, तिथं गेला."

"तो पुढारी होता. आपल्याला त्याच गावात राहायचंय."

"बाबाही त्याच गावात राहिले. तरी दरवर्षी हेच सांगायचे."

"आवाज खाली कर. लोक ऐकतायत."

"संघर्ष," आई पहिल्यांदाच बोलली, मुलाकडं बघून. "मी गेल्यावर मला कुठं नेशील?"

"आई, हे काय आत्ता?"

"इचार सरपंचांना. मला चालंल का म्हनावं."

तो कोपऱ्यात गेला, फोन लावला, परत आला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, त्यांचं पुढचं पुढं बघू."

ड्रायव्हरनं खिडकीतून विचारलं, "दादा, गावात गेल्यावर गाडी कुठं घ्यायची?"

"ओढ्यापलीकडं," मुलगा म्हणाला.