जाळीवरचा हार

आमरीन : आत नका येऊ, मॅडम. काय बोलायचं ते दारातूनच बोला.

श्रेया : भाभी, जावेदभाईंची औषधं चालू होऊन बरेच दिवस झाले. आता त्यांच्यापासून कुणाला लागण होत नाही. मी मास्कसुद्धा लावलेला नाही, बघा.

आमरीन : त्यांच्यापासून तुमाला काई होत नाय, ते म्हाईत हाय मला. तुमच्यापासून आमाला झालं, त्याचं बोलायले मी.

जावेद : आमरीन, खुर्ची दे त्यांना.

आमरीन : खुर्ची देते. चहा नाय देणार.

श्रेया : नको चहा. आपल्या लॅबचे डॉक्टर विचारतायत, परत कधी रुजू होता? म्हटलं, फोन करण्यापेक्षा जाऊन भेटावं.

जावेद : शेंद्र्याला मुलाखतीला गेलो होतो मी. औषधाच्या कंपनीत. आलं असंल कानावर.

श्रेया : नाही. काय झालं?

जावेद : तिथल्या करुणा मॅडम तुमच्या त्या जैवसुरक्षा मंडळात हायेत. क्रांती चौकातल्या लॅबमधून आलो म्हणल्यावर हसल्या. ‘म्हणजे हारवाले तुमीच का?’ पुढं दुसरं काई विचारलंच नाय.

श्रेया : मी तुमचं नाव घेतलं नव्हतं. लॅबचंही नाही. मंडळाचा नियमच आहे तो. सगळ्या लॅबवाल्यांनी महिन्यातून एकदा जमायचं, आपल्याकडे काय चुकलं ते नाव न घेता सांगायचं. दुसरीकडे तसं घडू नये म्हणून.

जावेद : टीबीच्या कॅबिनेटला झेंडूचा हार. अशा किती लॅबा हायेत शहरात? नाव घ्यायला लागतंय कशाला?

आमरीन : काय सांगितलं तुमी तिथं? माझ्यासमोर सांगा एकदा. मला बी कळू द्या.

श्रेया : टीबीच्या पेशंटचा बेडका आम्ही कॅबिनेटमध्ये उघडतो, भाभी. त्याच्या तोंडाशी एक जाळी असते. हवा तिच्यातून खाली ओढली जाते, म्हणून जंतू काम करणाऱ्याच्या अंगावर येत नाहीत. दसऱ्याच्या पूजेत त्या जाळीवरच हार चिकटवला गेला. जाळी बुजली. दुसऱ्या दिवशी टेक्निशियननं हार न काढता काम सुरू केलं. एवढंच सांगितलं.

जावेद : एवढंच नाय. पैठणच्या लॅबमधला नवाब होता त्या बैठकीत. टेक्निशियननं हार का काढला नाय, असं कुणीतरी विचारलं. तुमी काय म्हणलात?

श्रेया : ते आता कशाला उकरून काढताय?

जावेद : बोला की. नवाबनं मला सांगितलंच हाय. तुमच्या तोंडून ऐकायचंय.

श्रेया : निष्काळजीपणा, असं म्हणाले मी.

जावेद : आन् लोक हसले.

श्रेया : काही जण हसले. पण त्याचा उपयोग झालाच ना? कितीतरी लॅबमध्ये पाट्या लागल्या, पूजा करा पण जाळी मोकळी ठेवा म्हणून.

आमरीन : पाट्या त्यांना, टीबी आमाला.

श्रेया : भाभी, टीबी तिथंच झाला हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आमरीन : आन् ह्यांनी निष्काळजीपणा केला, ते छातीठोक सांगून आलात.

श्रेया : मग मी काय म्हणायला हवं होतं? जावेदभाई, नव्या लोकांना तुम्हीच शिकवता. जाळीवर साधा टिश्यू पेपर पडला तरी ओरडता. आणि त्या दिवशी हार डोळ्यांसमोर असताना तुम्ही काम करत बसलात. मी दुपारी आले आणि एका झटक्यात काढून टाकला. तुम्हाला काय झालं होतं?

जावेद : तुमी काढला. कुणी काई म्हणलं तुमाला?

श्रेया : मला कोण काय म्हणणार?

जावेद : तेच म्हणतो मी. आदल्या दसऱ्याला मायक्रोस्कोपच्या भिंगावरचं कुंकू पुसलं होतं मी. काई दिसंना, म्हणून पुसलं. मॅनेजर काकासाहेब सगळ्यांदेखत म्हणले, ‘ह्यांना आपलं काई चालतच नाय.’ डॉक्टर तिथंच हुबे होते. हसले आन् केबिनमधी गेले.

श्रेया : काकासाहेबांचं काय मनावर घेता? चेष्टा केली असेल त्यांनी.

जावेद : हार डॉक्टरांच्या आईनं सोताच्या हातानं लावला होता. तो मी ओढून कचऱ्यात टाकला असता आन् कुणी मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढला असता, मग? ती बी चेष्टाच झाली असती का?

श्रेया : तुम्ही मला फोन करायचा होता.

जावेद : काय सांगू फोनवर? हार काढायला या? नमुने खोळंबले होते. म्हणलं, हळू हात चालवू, जपून करू, होऊन जाईल. तुमाला विचारायचंच होतं तर मंडळात जायच्या आधी मला विचारायचं.

श्रेया : चुकलं माझं. ठीक आहे, आत्ता दुरुस्त करते. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून टाकते, तुमच्यासमोर.

जावेद : नाव घेऊन बोला.

श्रेया : नियमात बसत नाही ते.

जावेद : नियमानं माझं नाव झाकलं का? मला कुटंच काम मिळंना. माझं नाव घ्या आन् खरं कारण सांगा.

श्रेया : बरं. बोलते. ‘नमस्कार, श्रेया बोलतेय. मागच्या बैठकीत मी हाराची हकिगत सांगितली, ती अर्धवट होती. ते टेक्निशियन म्हणजे आमचे जावेद पठाण. त्यांनी निष्काळजीपणा केला नव्हता. हार काढला नाही, कारण आमच्या लॅबमध्ये त्यांना...’

(श्रेया बोलायची थांबते. केलेलं रेकॉर्डिंग पुसून टाकते.)

आमरीन : काय झालं? चांगलं तर बोलत होतात.

श्रेया : याच्यापुढे काकासाहेब येतात, भाभी. डॉक्टर येतात, त्यांच्या आई येतात. डॉक्टर आहेत त्या ग्रुपवर. उद्या सकाळी मला तिथंच कामाला जायचंय.

जावेद : हार काढला असता तर मला बी दुसऱ्या दिवशी तिथंच यायचं होतं, मॅडम.