पट्टीखालचा पत्ता

टायपिस्ट : सातवं पान शीर्षासन करतंय.

वकीलबाई : पंखा कमी कर, साक्षीदार उडतायत.

टायपिस्ट : ताई, चपला दाराबाहेर काढतात इथे.

ताई : राहू देत पायात.

वकीलबाई : राहू दे रे. तिच्या चपला काही कोर्टाच्या पोर्टलवर चढवायच्या नाहीत.

टायपिस्ट : चढवल्या तरी परत येतील. म्हणेल, डावीवर सही नाही.

ताई : माझा अर्ज जातोय ना आज?

वकीलबाई : जातोय. नवऱ्याने तुझ्या आसपास फिरकू नये, असा अर्ज. आणि गेल्या गेल्या त्याची प्रत त्याच्याच वकिलाला. भांडायचं तर सांगून भांडायचं, अशी आमची रीत.

ताई : मग माझा नवा पत्ता?

टायपिस्ट : त्यावर काळी पट्टी मारलीय. बघा ना, भर दुपारी अमावस्या!

ताई : निघत नाही ना ती? त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. मेलेल्या फोनमधूनसुद्धा लोकांचे फोटो उपसून काढतो तो.

वकीलबाई : हिची खात्री पटव रे. शोधायच्या चौकटीत टाक, 'शिंप्याच्या दुकानावर'.

टायपिस्ट : हे टाकलं... अरेच्चा.

वकीलबाई : काय अरेच्चा?

टायपिस्ट : पट्टीच पिवळी झाली. सापडलं म्हणतंय.

वकीलबाई : कॉपी कर. कोऱ्या पानावर टाक.

टायपिस्ट : 'शिंप्याच्या दुकानावर, पहिला मजला, निळे दार.'

(ताई उठून उभी राहते.)

वकीलबाई : गाढवा! अक्षरं खाली तशीच निजलीत, तू नुसती वरून चादर घातलीस!

टायपिस्ट : तुम्हीच म्हणालात, काळं कर.

वकीलबाई : तोंड काळं कर म्हणायला हवं होतं.

टायपिस्ट : पण बाई, या मजल्यावरच्या सगळ्या वकिलांना मी अशीच पट्टी मारून देतो.

वकीलबाई : हळू बोल. भिंतींनाही अशील असतात.

ताई : 'सादर करा' दाबलंत का?

टायपिस्ट : नाही, शपथ. बोट वरच होतं.

ताई : ते बोट आधी मागे घ्या.

वकीलबाई : मूळ फाइल उघड. पत्ता मुळासकट खोड. तिथे लिही, 'पत्ता न्यायाधीशांकडे बंद पाकिटात दिला आहे.' मग नवी पीडीएफ कर.

टायपिस्ट : पुन्हा सगळी पानं जोडायची?

वकीलबाई : सगळी. आणि त्या सातव्यालाही पायावर उभं कर.

टायपिस्ट : कोर्टात न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी असते, ती तरी नीट तपासलीय का कुणी?

वकीलबाई : तुझ्या हातची नाही, एवढं नक्की. चालव बोटं.

टायपिस्ट : झालं. शोधू?

ताई : सरका. मी टाकते. 'शिंप्याच्या'... काय म्हणतंय?

टायपिस्ट : 'काहीही सापडलं नाही.'

ताई : 'निळे'.

टायपिस्ट : 'काहीही सापडलं नाही.'

ताई : पुन्हा वाचा.

टायपिस्ट : अहो, तेच आहे.

ताई : कळलं. वाचा तरी.

टायपिस्ट : 'काहीही सापडलं नाही.'

वकीलबाई : दाब आता.

टायपिस्ट : गेला! ताई, आता तरी चपला काढा, निवांत बसा. चहा सांगतो.

ताई : त्या घरात माझ्या चपला कपाटात असायच्या. किल्ली त्याच्या खिशात.