'रिकामी' नावाची चाळणी

नाही नाही, खुर्ची इकडे ओढ, तिथून स्क्रीन दिसणार नाही. हां. तर मूळ लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, आपली नाही, ती कुणीतरी लिहून जगाला देऊन टाकली आहे. तिचं काम एकच — फाइली शोधणं. या फोल्डरमध्ये बघ, अमुक नावाच्या, तमुक तारखेच्या — चाळणीखाली चाळणी लावत जायची, उरेल ते आपलं. हवी ती चाळणी तिच्यात नसेल तर आपण लिहून जोडायची, त्यालाच एक्स्टेन्शन म्हणायचं. आठ-दहा ओळी असतात, घाबरू नकोस. फाइल समोर आली की चाळणीने हो म्हणायचं किंवा नाही, तिसरं उत्तरच नाही. लोक इथेच घसरतात. लोक म्हणजे — कुणीही.

आता हा संग्रह आवाजांचा. कुणी विणकर, कुणी नावाडी, कुणी सुईण — म्हाताऱ्या माणसांचं बोलणं, त्यातली निम्मी आता हयात नाहीत. सगळी रेकॉर्डिंग ताईंनी केली, अकरा वर्षं घरोघर हिंडून. त्या आता येत नाहीत — सांगतो ना. गेल्या वर्षी डिस्क भरली, साहेब म्हणाले रिकाम्या फाइली काढून टाका. मी म्हटलं, हा तर आपल्या हातचा मळ. दुपारी 'रिकामी' नावाचं एक्स्टेन्शन लिहिलं, संध्याकाळी सगळ्यांसाठी खुलं केलं — तत्त्वच होतं माझं, ज्ञानाला कुलूप लावायचं नाही. चौतीस जण वापरतात. ताईंचं उलट. जी रेकॉर्डिंग फार मोलाची ती त्यांनी बंद करून ठेवलेली, कुणाला उघडताच येऊ नयेत म्हणून. वाचायला बंदी, पुसायला नाही — ते वेगळं असतं, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मग चाळणी काय करणार? उघडायला गेली, उघडेना, आत काही मिळालं नाही — म्हणजे रिकामी. म्हणाली हो. दोनशे बारा वेळा, आणि तेवढ्या फाइली पुसल्या गेल्या. बॅकअप? तोही त्याच यादीवरून साफ केला. मीच, नीट, एकही न विसरता.

ताईंना वाटतं त्यांच्याच हातून गेलं. डोळे अधू झालेत, चुकून पुसलं असेल, म्हणाल्या, सगळ्यांसमोर. साहेबांनी विचारलं, कुणाला काही सांगायचंय का — मी पाण्याची बाटली उघडत होतो. झाकण घट्ट होतं. अजून फोन करतात, सापडलं का रे काही? मी म्हणतो, शोधतोय ताई. काय बोलणार दुसरं?

'रिकामी'तली ती चुकीची ओळ दुसऱ्याच दिवशी सुधारली मी. पण जुनी ओळ जात नाही ना — बदलांच्या नोंदीत राहते, तारखेसकट, नावासकट. पुसून? चौतीस जणांकडे प्रती आहेत, कुठेकुठे पुसू? मला कॉलेजात शिकवायची नोकरी लागली आहे, महिनाअखेरपर्यंतच जागा ठेवणार आहेत. आई सामान बांधायला येऊन राहिली आहे, रोज तीच भांडी कागदात गुंडाळते आणि स्वयंपाकाला पुन्हा सोडवते. साहेबांची अट एवढीच — तुझ्या जागी माणूस तयार कर आणि खुशाल जा. केला की तयार. दोन केले. पण जो शिकेल तो नोंदी वाचणारच, मी असतो तर पहिल्या आठवड्यात वाचल्या असत्या. पहिल्याबद्दल कळवलं, डोकं चालत नाही. दुसरीबद्दल कळवलं, चिकाटी नाही. चांगली होती गं दोघं.

तू काय उघडलंस ते? बंद कर, मी उदाहरणादाखल बोलत होतो — हो, तारीख तीच आहे. हो, नाव माझंच. पटकन सापडलं तुला, हुशार आहेस, साहेब म्हणालेच होते.

ताईंचा नंबर? तो कशाला हवाय तुला?

नाही माझ्याकडे.

हे बघ, साहेबांना कळवतो मी — हे काम तुला जमण्यासारखं नाही. पिशवी घे तुझी. उद्या येऊ नकोस.